डिप्लोमसी: नवख्यांना डावपेच आधी सांगावेत की नाही?

सातवा गडी (प्रश्न):
पुढच्या आठवड्यात डिप्लोमसी या युरोपच्या नकाशावर सात राष्ट्रांनी खेळायच्या पटखेळाचा डाव मांडायचा आहे आणि सातपैकी पाच जणांनी हा पट पूर्वी कधीही पाहिलेला नाही. मागच्या वेळी मी नवख्यांना प्रत्येक राष्ट्राच्या सुरुवातीच्या चालींचे टिपण आधीच वाटले होते. ऑस्ट्रियाच्या खेळाडूने त्या चाली निमूटपणे लिहिल्या, शेजाऱ्यांशी तो चकार शब्द बोलला नाही आणि खेळातले १९०३ चे वर्ष (डाव १९०१ पासून सुरू होतो) संपता संपता त्याचे शेवटचे केंद्रही (ज्यांच्या संख्येवर तुकड्या ठरतात ते प्रांत) गेले. पुढचे तीन तास तो नुसता बघत बसला होता. डावपेचांचा सल्ला आधी द्यावा का, आणि द्यायचा झाल्यास नेमका कोणता?

काळा समुद्र:
टिपण देण्याची वेळ चुकली, असे मला वाटते. या खेळात फासे नाहीत आणि सैन्य असो वा आरमार, प्रत्येक तुकडीचे बळ एकच. त्यामुळे दुसऱ्याच्या मदतीशिवाय फार पुढे रेटता येत नाही, हे आधी पटावर दाखवावे. मी त्यासाठी एकच स्थिती मांडतो. १९०१ चा शरद ऋतू, म्हणजे वसंतानंतरची वर्षातली दुसरी चाल आहे. ऑस्ट्रियाचे सैन्य सर्बियात व आरमार अल्बेनियात, तुर्कस्तानचे सैन्य बल्गेरियात आणि इटलीचे आरमार आयोनियन समुद्रात आहे. ऑस्ट्रियाचे आरमार सर्बियातील सैन्याच्या पाठिंब्याने (म्हणजे ते स्वतः न हलता आपले बळ आरमाराच्या चालीत मिळवते) ग्रीसमध्ये शिरू पाहते आणि इटलीही तिकडेच निघते. दोनास एक, म्हणजे ग्रीस ऑस्ट्रियाचे. मात्र तुर्कस्तानने बल्गेरियातून सर्बियावर चाल केली, तर ती फसली तरीही पाठिंबा तुटतो, ग्रीसमध्ये एकास एक अशी बरोबरी होते आणि कोणीच आत जात नाही. गंमत अशी की तुर्कस्तानचे यात काहीच जात नाही, कारण त्याचे सैन्य बल्गेरियातच राहते आणि ते केंद्र त्याच्याच नावावर लागते. इथवर आल्यावर बहुतेक नवखे स्वतःहूनच विचारतात, की इटली आणि तुर्कस्तान आधी बोलले होते का?

तहनामा:
उदाहरण उत्तम आहे, पण ते विचारतात म्हणजे त्यांना बोलता येते असे नव्हे. नवखा माणूस वाटाघाटीत "आपण मित्र राहू" एवढेच म्हणतो, आणि त्यावर समोरच्याला काहीच करता येत नाही. मी त्यांना सांगतो की प्रत्येक बोलणे चालींच्या भाषेत करा. उदाहरणार्थ, तुर्कस्तानने रशियाला म्हणावे: "मी अंकाराचे आरमार कॉन्स्टँटिनोपलला नेतो, तुम्ही सेव्हास्तोपोलचे रुमानियात न्या आणि काळा समुद्र दोघांनीही मोकळा ठेवू." सर्वांच्या लेखी आज्ञा (म्हणजे चाली) एकाच वेळी उघडल्या जात असल्यामुळे शब्द पाळला की नाही, हे लगेच कळते. पहिल्या वसंतात सहाही जणांशी बोलायला लावा, अगदी दूरच्या राष्ट्रांशीसुद्धा. इंग्लंड तुर्कस्तानच्या उपयोगी पडतो तो रशियाच्या पाठीमागे बसलेला असतो म्हणूनच.

दग्याविषयीही चार शब्द आधीच बोलावेत. या खेळात दगा चालतो, एवढे ऐकताच नवखे एका केंद्रासाठी मित्राच्या मुळावर उठतात. पटावर ३४ केंद्रे आहेत आणि जिंकायला १८ लागतात. एक केंद्र मिळवून कायमचा शत्रू पदरी घेणे हा तोट्याचा सौदा आहे. दगा द्यायचाच, तर समोरच्याला उलटून मारता येणार नाही अशा वेळी द्यावा.

कोपऱ्यातला:
वरील दोन्ही गोष्टी मान्य; परंतु राष्ट्रे चिठ्ठ्या टाकून वाटू नका. ऑस्ट्रियाचे ट्रिएस्ट आणि इटलीचे व्हेनिस ही घरची केंद्रे एकमेकांना लागूनच आहेत, त्यामुळे तिथे पहिल्याच चालीपासून जीव मुठीत धरावा लागतो. नवख्यांना तुर्कस्तान किंवा इंग्लंडसारखे कोपरे द्यावेत आणि ऑस्ट्रिया तुमच्यासारख्या जाणत्याने घ्यावा. शिवाय १९०७ नंतर डाव थांबेल असे आधीच जाहीर करा, म्हणजे लवकर बाद झालेल्याला फार वेळ ताटकळावे लागणार नाही.

सातवा गडी:
सर्वांचे आभार. ऑस्ट्रिया मी घेतो आणि इटली दुसऱ्या अनुभवी खेळाडूला देतो. चालींचे टिपण या वेळी घरीच ठेवेन. त्याऐवजी ग्रीसची ती स्थिती सुरुवातीला मांडून प्रत्येकाकडून आज्ञा लिहून घेईन. वाटाघाटींना पहिल्या फेरीत पंधरा मिनिटे पुरतील का, की नवख्यांसाठी ती वाढवावीत?

तहनामा:
पहिल्या फेरीला वीस द्या, नंतर दहा पुरतात. फक्त आज्ञा लिहायला शेवटची दोन मिनिटे वेगळी ठेवा. नवखे बोलण्याच्या भरात लिहायचे विसरतात आणि मग त्यांच्या तुकड्या जागच्या जागी उभ्या राहतात.