गाणं म्हणायचं की गायचं?

वाटसरू: आयर्लंडमधल्या शान नोस गायकीवरचा लेख मराठीत करतेय. शान नोस म्हणजे 'जुनी रीत': वाद्यांची साथ नाही, एकटा गळा, आयरिश भाषेतली गाणी. एखाद्याला गायचा आग्रह करताना तिथे म्हणतात, 'अबर अव्रान'. 'अबर' हे बोलण्या-सांगण्याचं क्रियापद. इंग्रजीत याचं केवढं अप्रूप! मी सरळ लिहिलं, 'एक गाणं म्हण.' तपासणाऱ्या बाईंचा लाल शेरा: 'गाणे गातात, कविता म्हणतात.' आता?

मोरपंखी: डोंबलाचा शेरा! आमच्याकडे मुलगी बघायला आले की 'गाणं म्हणतेस का?' असंच विचारत. 'गातेस का' विचारलं असतं तर आजोबांनी चहा न देता वाटेला लावलं असतं.

खोडरबर: बाईंचं बरोबर आहे. पाढे, श्लोक, आरती म्हणायची. भीमसेन काय यमन 'म्हणायचे'? बोलण्यात चालतं म्हणून छापायचं का?

वाटसरू: पण शान नोसमध्ये जीव शब्दांत असतो. गाणारा डोळे मिटून बसलेला, शेजारचा त्याचा हात हातात घेऊन रहाटासारखा हळूहळू फिरवतोय. आणि कित्येकदा शेवटचे शब्द सूर सोडून नुसते बोलून टाकतात. संपलं.

पिंपळपान: 'म्हणणे' मंत्रावरून आलंय, त्यामुळे सूर त्यात आहेच.

खोडरबर: मंत्र 'मन्' वरून. म्हणणे 'भण्' वरून.

मोरपंखी: आणि 'तुका म्हणे'?

खोडरबर: ती नाममुद्रा. तिथे तुकोबा सांगतायत.

मोरपंखी: मग आयरिश माणूस वेगळं काय करतोय?

वाटसरू: अजून एक अडलंय. 'कीना', म्हणजे मयतावर बायका रचून गात तो शोक. पैसे देऊन बोलावलेल्या बायकाही असत. चर्चला ते खपायचं नाही. सगळ्यात गाजलेला कीना आयलीन दुव्हचा. कॅथलिकांना पाच पौंडांहून महाग घोडा बाळगायची बंदी होती. तिच्या नवऱ्याने, आर्ट ओलिअरीने, आपला घोडा त्या भावात द्यायला नकार दिला म्हणतात. 1773 मध्ये त्याला गोळी घातली. रिकाम्या खोगिराची घोडी दारात आली, तशी ही तिच्यावर बसून निघाली, असं त्या कीन्यातच आहे.

खोडरबर: विलापिका. रूढ शब्द आहे.

मोरपंखी: विलापिका कागदावरची. हे म्हणजे हेल काढून रडणं.

खोडरबर: त्यात कुचेष्टा आहे. खोटं रडणाऱ्यांना म्हणतात तसं.

मोरपंखी: आमच्या गावात नाही. चुलतआजी गेली तेव्हा थोरली आत्या हेल काढून एकेक सांगत होती, 'माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलीस गं…' मध्येच थांबून मला नेहमीच्या आवाजात म्हणाली, 'माणसं आलीत, चहा टाक.' आणि पुन्हा होता तिथून हेल. खोटं त्यात काही नव्हतं.