नाताळात दूधसागर: सासूबाईंना झेपेल का?

गोदाक्का:
नाताळात गोव्यात आहोत. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह दांडगा. कुळ्याहून जीपने गेल्यावर पुढे किती चालावं लागतं? आणि तेव्हा पाणी असतं, की नुसता ओला कातळ बघून परत यायचं?

केपेकर:
असतं हो. जुलैसारखं रौद्र नाही, पण 310 मीटरवरून पांढरी धार व्यवस्थित उतरते. उलट ऐन पावसाळ्यात जीपच बंद. वाटेतले ओढे ओलांडता येत नाहीत. चाल जेमतेम किलोमीटरभर, मात्र दगडधोंडे आणि वर आलेली मुळं फार. हातात काठी द्या. सकाळी लवकर रांगेत लागा.

भटकी:
रुळांवरून चालत जा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मनाई आहे. मागे पट्टा असलेले सँडलच घाला. आणि माकडं! माझी केळी सोलायच्या आत गेली, पिशवीसकट.

गोदाक्का:
डोहात उतरता येतं का? सासूबाईंचा तोच हट्ट आहे.

केपेकर:
लाइफ जॅकेट घालूनच. पाणी गारढोण असतं, गुडघ्यांना नको. त्यांना काठावर बसवा, वरच्या पुलावरून आगगाडी जाते का बघत. तेवढ्यात तुम्ही डुंबून घ्या.