पिलाटेसमध्ये श्वास मोजूनच घ्यायचा का?

मैत्रेयी
परवा पिलाटेसच्या, म्हणजे श्वासाच्या लयीत पोट-पाठ बळकट करायच्या व्यायामांच्या वर्गात एक नवी मुलगी 'हंड्रेड' करत होती. पाठीवर झोपून, डोकं आणि पाय उचलून हात खालीवर मारायचे. पाच ठोक्यांना श्वास आत, पाचांना बाहेर, अशी दहा आवर्तनं. तिसऱ्याच आवर्तनाला तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, खांदे कानाला भिडले. मोजणी चुकू नये म्हणून ती श्वास अर्ध्यावर तोडत होती. मी म्हटलं, मोजू नकोस, हवा तसा घे, फक्त सोडताना लांब सोड. मान लगेच सैल पडली. तेव्हापासून मला वाटतंय की नवशिक्यांना एकच नियम द्यावा: श्वास कोंडायचा नाही. बाकीचं मागाहून.

जुनी वाट
अजिबात पटलं नाही. ही पद्धत घडवणारे जोसेफ पिलाटेस लहानपणी दम्याने बेजार होते, श्वासाचं मोल त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत, आणि श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा हे व्यायामासोबतच सांगितलंय. 'सॉ' करून बघा. पाय फाकवून बसायचं, आणि कंबरेतून वळून हात पायाच्या करंगळीपलीकडे नेताना श्वास सोडायचा, कारण तिथे ओलं फडकं पिळावं तशी बरगड्यांतली हवा पिळून निघते. त्याच जागी श्वास घेऊन बघा, वळणंच अडतं. मग हे 'मागाहून' कसं शिकवणार?

मैत्रेयी
'सॉ'चं मान्य. पण सगळेच व्यायाम इतकं स्पष्ट सांगत नाहीत. 'रोल अप'मध्ये, म्हणजे पाठीवर झोपून एकेक मणका उचलत उठून बसताना, सुरुवातीला श्वास घ्यायचा की सोडायचा, यावर दोन चांगले शिक्षक दोन उत्तरं देतात. शिवाय रॉन फ्लेचर हे खुद्द पिलाटेस यांच्याकडे शिकलेले, आणि त्यांनी श्वासाची स्वतःची वेगळी, ठेका धरून श्वास सोडायची पद्धत बसवली. परंपरेच्या पहिल्याच पिढीत बदल झाला होता.

बरगडी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं शरीराकडून. श्वास सोडताना डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, वर जातो, आणि जरा जोर लावून सोडला की पोटाचा सगळ्यात आतला, पट्ट्यासारखा स्नायू आवळतो. म्हणून 'जोर लावताना सोडा' ही जुनी सूचना खरोखर कामाची आहे. पण कायम तेवढंच केलं तर माणूस फक्त श्वास सोडतानाच स्थिर राहायला शिकतो. पिशवी उचलताना किंवा मूल कडेवर घेताना कोण श्वासाची वेळ साधतं? मी मुद्दाम उलटा क्रम करून घेते: पाय लांब नेताना श्वास घ्या, आणि कंबर जमिनीवरून सुटते का ते हाताने तपासा. ज्यांची सुटते त्यांचं खरं काम तिथून सुरू होतं. रक्तदाब असलेल्यांनी मात्र श्वास कोंडून जोर लावूच नये, त्यावर माझी चर्चेची तयारी नाही.

जुनी वाट
उलटा क्रम जरूर करा, पण सरळ क्रम अंगात मुरल्यावर. काय उलटं करतोय हेच माहीत नसेल तर तो बदल नाही, ती ढिलाई आहे. २००० साली अमेरिकेतल्या न्यायालयाने 'पिलाटेस' हे सर्वसामान्य नाम ठरवलं, तेव्हापासून हे नाव कुणाची मालकी राहिलेलं नाही. कशालाही पिलाटेस म्हणता येतं. अशा वेळी श्वास हा हाताशी उरलेल्या मोजक्या खुणांपैकी एक आहे, म्हणून मी तो इतका धरून बसतो.

आणि मैत्रेयी, तुमच्या त्या मुलीसाठी श्वास का बदलला? भार कमी करायचा होता. पावलं जमिनीवर, गुडघे वाकलेले, डोकं खाली, आणि मग पाच-पाच मोजा. तिची मान दुखली ती डोकं आणि पाय पेलवत नव्हते म्हणून, मोजणीमुळे नव्हे.

मैत्रेयी
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ते मनाला लागलं. आज करून पाहिलं. पावलं खाली ठेवल्यावर तिने दहाही आवर्तनं मोजून केली, मान शांत. मग डोकं उचललं, तर पाचव्या आवर्तनाला पुन्हा श्वास तुटला. तिथे मी मोजणी सोडायला लावलीच, आणि पुढेही लावीन. पण आता आधी पाय खाली घ्यायला सांगेन.

बरगडी
डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवून बघा, जेमतेम दोन बोटं उंचीचा. पाचवं आवर्तन तिथे बरेचदा पार पडतं.