मदत हवी आहे: वृद्धाश्रमातलं ‘ऐच्छिक’ पॅकेज

आत्या (७८, मधुमेह) रंकाळ्याजवळ एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात आहेत. राहणं, जेवण, कपडे धुणं धरून महिना २१,००० रुपये. आता वर ४,५०० चं ऐच्छिक पॅकेज आलंय: केबल, पेपर, संध्याकाळचा नाष्टा, मालिश. नाष्टा बहुतेक गोडाचा, म्हणजे त्यांच्या उपयोगाचा नाही. मालिश मात्र हवी. सुटं देत नाहीत. सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा! मग ऐच्छिक कसलं? करारात ‘इतर सेवा ऐच्छिक’ एवढीच ओळ. सेवानिहाय दर लेखी मागितले, मिळाले नाहीत. आत्यांना तिथून हलवायचं नाही, मैत्रिणी जमल्यात. एल्डरलाइनचा (ज्येष्ठांची हेल्पलाइन) १४५६७ माहीत आहे, पण तक्रार शेवटी.

१२एबी नोंदणी (आयकर कायद्याखालची धर्मादाय संस्थेची) असलेल्या आश्रमाला साठीपुढच्यांसाठी महिना २५,००० पर्यंत जीएसटी माफ आहे. त्या मर्यादेत असं ऐच्छिक बिल धरतात का? धरलं तर आमचे २५,५०० होतात. आणि कुणी सुटे दर करारात लिहून घेतले असतील, तर नेमके कोणत्या शब्दांत?