मदत हवी आहे: मेंबरशिप शनिवारी संपतेय, रिन्यू करू की नको?

अबोली२
नमस्कार. शनिवारी आमची इथल्या (अमेरिकेतल्या) मोठ्या पॅकमध्ये माल विकणाऱ्या दुकानाची मेंबरशिप संपतेय आणि दोन दिवस घरात ह्याच विषयावर वाद चालू आहे. नवरा म्हणतो बंद करून टाकू. माझं म्हणणं, मोठ्या पॅकमध्ये स्वस्त पडतं म्हणून तर एवढ्या लांब जातो. पण खरंच दर वेळी दोनशे डॉलरच्या खाली बिल येत नाही, आणि महिनाअखेरीला पालक, मशरूम, ब्रेड हमखास फेकावे लागतात.

काल तर कहर झाला. पोळ्यांसाठी परातीत पीठ घेतलं, मीठ घातलं, आणि पिठात काहीतरी हललं. चाळून बघितलं तर बारीक जाळ्या आणि तीन पांढऱ्या अळ्या. वीस पौंडांची पिशवी, जेमतेम पाव वापरलेली, तशीच्या तशी टाकली. टाकताना रडू आलं. आमच्या आईने कधी मूठभर पीठ वाया जाऊ दिलं नाही.

तर अशा दुकानात काय घ्यावं, काय अजिबात घेऊ नये, आणि फी वसूल होते की नाही हे कसं ठरवायचं? प्लीज लवकर सांगा.

चिंचगूळ
दुकान कुठलं? कॉस्टको, सॅम्स की बीजेज? गाव कुठलं? घरात माणसं किती? मेंबरशिप साधी की वरची? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीये, मग सांगणार काय?

टेक्सासचा_गडी
कॉस्टको असेल तर एक्झिक्युटिव्ह, म्हणजे वरचीच मेंबरशिप ठेवा, डोळे झाकून. खरेदीचे दोन टक्के परत मिळतात. आम्ही दोन गाड्यांचं पेट्रोल तिथेच भरतो, त्यातच फी निघते.

हिशेबनीस
गडीभाऊ, पेट्रोलवर ते दोन टक्के मिळत नाहीत. फूड कोर्टच्या बिलावरही नाही. तुम्हाला पेट्रोलवर जे परत मिळतंय ते क्रेडिट कार्डाकडून येतंय, मेंबरशिपकडून नाही. दोन्ही एकत्र धरल्यामुळे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो.

साधी गोल्ड स्टार ६५ डॉलर, एक्झिक्युटिव्ह १३०. सप्टेंबर २०२४ पासून हे दर आहेत, आधी ६० आणि १२० होते. म्हणजे वरचे ६५ डॉलर दोन टक्क्यांतून सुटायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी लागते, महिन्याला साधारण २७०. त्याच्या खाली असाल तर साधी बरी.

पुणेकर_सदाशिव
हे आपल्याकडच्या मिलिटरी कँटीनसारखं आहे का? माझे काका निवृत्त सुभेदार, त्यांच्या कार्डावर आम्ही वर्षानुवर्षं साबण, चहा, मिक्सर आणत होतो. पण दुकानात शिरायलाच पैसे भरायचे हे पटत नाही. डी-मार्टला कार्डबिर्ड लागत नाही आणि छापील किमतीपेक्षा कमीत मिळतं. मेट्रो कॅश अँड कॅरीला कार्ड लागायचं, पण ते दुकानदारांसाठी होतं.

चिंचगूळ
सदाशिवराव, त्या टेक्सासात की फ्लोरिडात आहेत तेच अजून कळलेलं नाही, डी-मार्टला कशा जाणार?

अबोली२
सॉरी, घाईत लिहिलं. प्लेनो, टेक्सास. कॉस्टको, एक्झिक्युटिव्ह. आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांची मुलगी. शाकाहारी, अंडी खातो. सॅम्सही जवळ आहे पण कधी गेले नाही. बाकी नेहमीचंच सगळं.

नऊवारी
अबोली, मग सॅम्स बघच. साधी फी कॉस्टकोपेक्षा कमी आहे. आणि तिथे फोनवर स्कॅन करत करत सामान कार्टमध्ये टाकता येतं, एकूण बेरीज सतत समोर दिसते. शंभराच्या पुढे आकडा गेला की मी वस्तू परत ठेवायला लागते. रांगेत उभं राहून बिल झाल्यावर कोणी काही परत ठेवत नाही. माझं बिल ह्या एका गोष्टीमुळे आटोक्यात आलं.

टेक्सासचा_गडी
सॅम्सचा माल आणि कॉस्टकोचा माल ह्यात फरक आहे. कर्कलंडचे (कॉस्टकोचा स्वतःचा ब्रँड) बदाम, अक्रोड, ऑलिव्ह ऑइल ह्याला तोड नाही. कॉस्टकोत एकूण चारेक हजारच वस्तू असतात, निवडून ठेवलेल्या. आणि खरेदीच्या भावावर जास्तीत जास्त पंधराएक टक्केच चढवतात.

नऊवारी
मी दोन्हीकडे आठ वर्षं मेंबर होते. दूध, अंडी, डायपर, कागदी टॉवेल ह्यात मला काडीचा फरक दिसला नाही. बदाम कॉस्टकोचे चांगले, हे मान्य.

हिशेबनीस
दोन्ही दुकानं चांगली आहेत, हा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या. अबोली, दोन टक्क्यांचा वार्षिक रिवॉर्ड किती आला होता? त्या आकड्याला ५० ने गुणा, वर्षाची खरेदी कळेल.

अबोली२
७१ डॉलर आला होता. म्हणजे ३,५५०? मग तर एक्झिक्युटिव्ह परवडते ना? नवऱ्याला दाखवते.

रानजाई
थांबा, तीन माणसं, त्यातलं एक साडेतीन वर्षांचं, आणि साडेतीन हजार डॉलर? वर इंडियन ग्रोसरी वेगळीच असणार. मला हे जुळत नाहीये. एखादा टीव्ही किंवा गाडीचे टायर घेतले होते का?

अबोली२
नाही, टीव्ही वगैरे काही नाही. सासू-सासरे सहा महिने होते ना, ते मार्चमध्ये सांगलीला परत गेले. तेव्हा रोज दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक, दोन वेळा चहा, सासऱ्यांना दही लागायचं, शनिवार-रविवारी माणसं यायची. त्या वेळी काही वाया जात नव्हतं. आता का जातंय तेच कळत नाही.

रानजाई
अगं, हेच तर पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंस! तू अजून पाच जणांसाठीच सामान भरतेयस. हात त्या मापाला बसलाय. आमच्याकडे आई परत गेल्यावर मी चार महिने दोन गॅलन दूध आणत होते, शेवटी नवऱ्याने फ्रीज उघडून दाखवला तेव्हा लक्षात आलं. आता खाणारी माणसं अडीच. तो ७१ चा आकडा पुढच्या वर्षी येणार नाही.

माझा नियम सांगते. किमतीच्या पाटीवर पौंडाचा किंवा औंसाचा भाव लिहिलेला असतो, तो सगळे बघतात. मी खाल्लेल्या पौंडाचा भाव काढते. पालकाचा एक पौंडाचा डबा घेतला आणि निम्मा सडला, तर तो पालक दुप्पट भावाने पडला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातली छोटी पिशवी स्वस्त. हे एकदा डोक्यात बसलं की ताजी भाजी, मशरूम, मोठे ब्रेड आपोआप सुटतात.

माझ्या कॉस्टकोच्या यादीत आता बिनमिठाचं बटर, बदाम, अक्रोड, फ्रोझन मटार, अंडी, कपड्यांचा साबण आणि टॉयलेट पेपर एवढंच आहे. डाळी, पोहे, रवा, हिंग, मसाले इंडियन ग्रोसरीतून, लहान पाकिटात. मसाल्याची मोठी बरणी संपेपर्यंत तिचा वास उडून जातो.

चिंचगूळ
+१. आणि पाटीवर उजव्या कोपऱ्यात वर चांदणी दिसली तर तो माल परत येणार नाही असं समजतात. ९७ ने संपणारी किंमत म्हणजे उतरवलेली. नेहमी लागणाऱ्या वस्तूला असं दिसलं तर घ्यावं. पण स्वस्त दिसलं म्हणून नवीनच काहीतरी उचलणं, ह्यातच दोनशेचं बिल होतं.

काशीमावशी
अबोली, पीठ कुठे ठेवलं होतंस गं?

अबोली२
गॅरेजमध्ये, मावशी. आत जागा नाही. सेल होता म्हणून दोन पिशव्या आणल्या होत्या, ही दुसरी. मेपासून तिथेच होती.

काशीमावशी
टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये पीठ! बाळा, दोष दुकानाचा नाही आणि तुझाही नाही, कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. आमच्या घरी दर उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचे. गहू निवडून, चार कडक उन्हं दाखवून, एरंडेलाचा हात फिरवून पिंपात. तांदळाला बोरिक पावडर, वर कडुनिंबाचा पाला. पण पीठ? ते आठ-दहा दिवसांचंच दळून आणायचे, मी स्वतः डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जायची. दाणा अख्खा असतो तोवर टिकतो. दळला की त्यातला कोंड्याजवळचा तेलकट अंश उघडा पडतो, पीठ खवट होतं, कीडही लवकर धरते. वर्षाचा साठा करणाऱ्या बायकांनी सुद्धा पिठाचा साठा कधी केला नाही.

आता तुमच्याकडे गिरणी नाही, म्हणून पीठ लहान पिशवीच घे. मोठी आणलीसच तर आधी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेव, किड्यांची अंडी असली तर मरतात. मग घट्ट झाकणाच्या डब्यात घरात ठेव, गॅरेजमध्ये नको.

टेक्सासचा_गडी
रानजाई, बिनमिठाचं बटर तुपासाठी ना? चार पौंडांच्या पॅकमध्ये तूप किती निघतं?

रानजाई
हो. बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे चार पौंडांचं सव्वा ते दीड किलोच्या मध्ये. मंद आच, जाड बुडाचं पातेलं, बेरी बदामी झाली की लगेच उतरवायचं. विरजण लावून लोणी काढलेल्या तुपाची चव येत नाही, पण रोजच्या वरणभातावर छान लागतं.

काशीमावशी
उतरवताना विड्याचं पान घाल, वास बघ कसा येतो.

हिशेबनीस
तुपाचा धागा वेगळा काढा हो. अबोली, तुमचा निर्णय सोपा झालाय. सहा महिने पाच माणसं असताना एक्झिक्युटिव्ह जेमतेम सहा डॉलरनी सुटली. आता सुटणार नाही. साध्यावर या. मेंबरशिप पसंत पडली नाही तर कॉस्टको कधीही पूर्ण फी परत देतं, त्यामुळे शनिवारची एवढी धास्ती घेऊ नका. आणि सासू-सासरे परत येणार असतील तेव्हा काउंटरवर जाऊन वरची करून घ्या.

नऊवारी
अजून एक. शेजारी कोणी मराठी घर असेल तर सामान वाटून घ्या. आम्ही तीन घरं मिळून बदाम, बटर आणि अंडी आणतो, वजनकाट्यावर मोजून, बिल तिथल्या तिथे वाटून. मोठ्या पॅकचा भाव मिळतो आणि फ्रीजही मोकळा राहतो.

अबोली२
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी जाऊन आलो आणि गोल्ड स्टार केली. रानजाई, तुझं "खाल्लेल्या पौंडाचा भाव" नवऱ्याला वाचून दाखवलं, तो दुकानात प्रत्येक वस्तूपाशी तेच विचारत होता. बटर, बदाम, अंडी, मटार, साबण घेतला, बिल ८३ डॉलर. सासऱ्यांच्या दह्याचा मोठा डबा सवयीने उचलला होता, तो परत ठेवताना खूप आठवण आली त्यांची. रात्री फोन केला.

काशीमावशी
छान केलंस. पण पीठ टाकलंस तरी कीड तिथेच थांबत नाही. गॅरेजमध्ये त्या पिशवीशेजारी अजून काय काय आहे? करड्या पाकोळ्या उडताना दिसतात का, ते बघ आधी.

अबोली२
आत्ता बघून आले. रव्यात जाळी आहे, टाकला. तांदूळ आणि साबुदाणा वरवर स्वच्छ दिसतायत, तरी दोन्ही फ्रीजरमध्ये घातलेत, चार दिवसांनी काढते. शेल्फ साबणाच्या पाण्याने पुसून घेतेय. मावशी, फळीच्या फटीतही काही राहत असेल का?

काशीमावशी
राहतं. व्हॅक्यूमची बारीक नळी लाव आणि व्हॅक्यूममधली पिशवी लगेच बाहेरच्या कचऱ्यात टाक, घरात ठेवू नकोस.