कॉर्पोरेट सोडून निसर्ग संवर्धनात आलेल्यांनी (आणि परत गेलेल्यांनीही) इथे लिहा

पाणकोंबडी (धागाकर्ती):
"मलाही नोकरी सोडून निसर्गासाठी काहीतरी करायचंय, तू कसं जमवलंस?" असे मेसेज अधूनमधून येत असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा म्हटलं धागाच काढावा, कारण माझ्या एकटीच्या अनुभवावरून कोणी निर्णय घेऊ नये. ज्यांनी उडी मारलीय, मारून परत आलेत, किंवा अजून काठावरच उभे आहेत, सगळ्यांनी लिहा. पगार किती घसरला, घरचे काय म्हणाले, आधीच्या कामातलं काय कामी आलं आणि काय फेकून द्यावं लागलं. "मनःशांती मिळाली" एवढंच लिहून पळून जाऊ नका प्लीज. संस्थांची नावं नकोत, हे क्षेत्र इतकं छोटंसं आहे की दोन ओळींत कळतं कोण कोणाबद्दल बोलतंय.

सुरुवात मीच करते. मी कन्सल्टिंगमधून आले, आता पाणथळ जागांवर काम करते. तिकडे क्लायंट एक असायचा, त्याला डेक (प्रेझेंटेशन) आवडलं की काम संपलं. इथे तलाव एक, पण पाणी सोडायचा अधिकार एकाकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, पाणी उतरल्यावर काठाच्या गाळात पेरणारे तिसरेच, आणि पक्षी तर कोणालाच न विचारता येतात. पाणी जास्त ठेवलं की बदकं खूश पण चिखलात चोच खुपसून खाणारे तुतवार वगैरे गायब, कमी ठेवलं की उलटं, आणि मासेमारवाले दोन्ही वेळा नाराज. मी आले तेव्हा डोक्यात कुंपण होतं. पण पाणथळ जागांसाठीचा १९७१ चा आंतरराष्ट्रीय रामसर करारसुद्धा त्या जागेला कुलूप लावा म्हणत नाही, सुज्ञ वापर करा म्हणतो. म्हणजे माझं काम काय, तर बैठका. पूर्वीही बैठकाच करायचे म्हणा.

ताळेबंद:
मी ऑडिटवाला. मोठ्या फर्ममध्ये होतो, आता वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थेचे हिशोब बघतो. आधीच सांगतो, मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, अजूनही नाही. इंटरव्ह्यूत विचारलं निसर्गाची आवड आहे का, म्हटलं आहे, पण तुमच्या व्हाउचर फाइलची जास्त काळजी वाटतेय. घेतलं लगेच.

कंपनीत पैसा एका हौदात येतो आणि तिथून हवा तिकडे जातो. इथे प्रत्येक देणगीदाराच्या पैशाला वेगळा डबा आणि डब्याला कुलूप. गाडी एकाची, डिझेल दुसऱ्याचं, ड्रायव्हरचा पगार तिसऱ्याच्या ग्रँटमधून, आणि चौथा विचारणार की माझ्या पैशातून नक्की किती फिरलात. बँकेत भरपूर दिसतात पण ऑफिसचं वीजबिल थकलेलं, कारण ते पैसे फक्त समुद्री कासवांसाठी आहेत. ज्या निधीला अशी अट नसते त्याच्यावरच संस्था जगते. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं, वेबसाइटवरचे फोटो सगळेच बघतात, तुम्ही मागच्या वर्षांचे ताळेबंद मागा आणि विनाअट निधीवर संस्था किती महिने तगेल ते बघा. ताळेबंद द्यायला कोणी कुरकुर केली तर तेही उत्तरच समजा.

दुसरी गंमत वर्षाची. ग्रँटचं वर्ष संपेपर्यंत खर्च झालेला दिसला पाहिजे, पण कासवं काही आर्थिक वर्ष बघून अंडी घालत नाहीत, हंगाम नेमका दोन वर्षांत विभागला जातो, मग माझा अर्धा वेळ "मुदत वाढवून द्या, जादा पैसे नकोत" अशी पत्रं लिहिण्यात. आणि ऑफिस खर्च दाखवला की देणगीदाराच्या कपाळाला आठ्या, त्यांना सगळा पैसा "थेट प्राण्यांवर" गेलेला हवा. थेट म्हणजे कसा, कासवाच्या खात्यात जमा करू?

तारेवरची कसरत:
ताळेबंदशेठ, तुमच्यासारखी माणसं नसतील तर आमचे प्रकल्प दुसऱ्या वर्षी बंद पडतात, त्यामुळे दंडवत.

मी हाय टेन्शनवाला, शब्दशः. वीज वाहून नेणाऱ्या लाइनचं डिझाइन करायचो, आता त्याच लाइनवर मरणाऱ्या पक्ष्यांसाठी काम करतो. लोकांना वाटतं पक्षी तारेवर बसला की मेला, पण तसं नसतं, एका तारेवर बसलेल्याला काही होत नाही. दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोघांचे उपाय पूर्ण वेगळे. एक म्हणजे शॉक. हा बहुतेक कमी व्होल्टेजच्या वितरण लाइनच्या खांबावर लागतो, कारण तिथे तारांमधलं अंतर कमी. गरुडासारखा मोठा पक्षी लोखंडी आडव्या पट्टीवर टेकतो, उडताना पंख उघडतो, पंखाचं टोक तारेला आणि पाय अर्थ झालेल्या (जमिनीशी जोडलेल्या) लोखंडाला, सर्किट पूर्ण. छोटा पक्षी तेवढा पोचतच नाही म्हणून वाचतो. याला उपाय सोपा आहे, खांबाजवळच्या तारेवर आणि जंपरवर (तारा जोडणाऱ्या छोट्या तुकड्यावर) इन्सुलेशनचं आवरण चढवायचं, किंवा इन्सुलेटर असे बसवायचे की अंतर वाढेल.

दुसरा प्रकार धडक, आणि हा डोकं खाणारा आहे. मोठ्या लाइनच्या जाड तारा पक्ष्याला त्यातल्या त्यात दिसतात, त्या चुकवायला तो वर जातो आणि सगळ्यात वर वीज पडू नये म्हणून टाकलेली बारीक अर्थ वायर असते तिच्यावर आपटतो. माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, समोरचं दिसायचा पट्टा अगदी अरुंद, आणि उडताना खाली जमीन बघायला मान झुकवली की समोरचं जवळजवळ दिसतच नाही. वजन जास्त, त्यामुळे शेवटच्या क्षणी वळताही येत नाही. तारेवर चकत्या आणि भिरभिरी लावतात, बऱ्याच पक्ष्यांना त्याचा उपयोग होतो, पण जो समोर बघतच नाही त्याला चकती दाखवून किती फरक पडणार.

पहिल्याच बैठकीत पक्षी अभ्यासक म्हणाले सगळ्या लाइन जमिनीखाली घाला, वीजवाले म्हणाले अशक्य. मला दोघांची भाषा येत होती, तेवढ्यावर माझी नोकरी टिकलीय. जमिनीखालची केबल तापते, जॉइंट जातात, व्होल्टेज जितकं जास्त आणि लांबी जितकी मोठी तितका केबल नुसती चार्ज ठेवण्यातच करंट खर्च होतो, हे खरंच आहे. पण सगळी लाइन घाला असं म्हणायचंच नव्हतं, कुठल्या दोन टॉवरमधला स्पॅन मारतोय ते आधी शोधायचं होतं. मग लाइनखालून चालायचं, नागमोडी, नजर जमिनीवर. बहुतेक वेळा पक्षी सापडत नाही, पिसांचा एक पुंजका सापडतो, कारण कोल्हेकुत्री तुमच्याआधी येऊन गेलेली असतात. त्यामुळे सापडले तेवढेच मेले असं धरता येत नाही, आधी मेलेले पक्षी मुद्दाम ठेवून ते किती दिवस टिकतात हे मोजतात आणि त्यावरून आकडा दुरुस्त करतात. आधीच्या कंपनीतल्या मित्राला हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

यातला माझा खरा त्रास वेगळाच आहे. नवीन लाइन बऱ्याचदा सौर आणि पवन ऊर्जेसाठी येतात, मोकळ्या माळावर, म्हणजे नेमक्या या पक्ष्यांच्या घरात. हवामानासाठी जे हवं तेच इथे घातक ठरतं. कोणाला व्हिलन करू? लाइन कुठून न्यायची यावर आखणीच्या टप्प्यातच भांडावं लागतं, एकदा टॉवर उभा राहिला की कोणी ऐकत नाही. पगार निम्म्याहून खाली आला, विचारलंत म्हणून सांगतो. बायको म्हणाली तुला रात्री दोनला येणारे कॉल बंद झाले यातच भरून निघालं. मला तेवढं पटलेलं नाही, पण वाद घातला नाही.

सॅम्पलबॅग:
तारेवरची कसरत, एक नंबर लिहिलंय. माझंही तसंच, जुनं कामच वेगळ्या बाजूने.

मी औषध कंपनीच्या सेल्सला होतो, आता गिधाडांवर काम करणाऱ्या टीममध्ये. बऱ्याच जणांना माहीत असेल, दक्षिण आशियातली गिधाडं धडाधड का मेली ते २००४ साली उलगडलं, डायक्लोफेनॅक. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मेलेल्या जनावरात राहतं, गिधाडाने ते खाल्लं की मूत्रपिंड निकामी, युरिक ॲसिड साठून आतल्या अवयवांवर पांढरा थर. मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते असं गणित निघालं, कारण एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा बसतो. २००६ ला भारत, नेपाळ, पाकिस्तानने जनावरांसाठीच्या औषधावर बंदी आणली, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही मिळाला.

आता टीममधल्या अभ्यासकांना वाटायचं बंदी आली म्हणजे झालं. सेल्समध्ये दहा-पंधरा वर्षं घासलेल्या माणसाला विचारा ना! काउंटरवर माणसांसाठीची मोठी बाटली होतीच की, तीच गुरांना टोचायची. शेवटी २०१५ ला भारतात माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या छोट्या कुपीतच विकायचं असं ठरलं, म्हणजे म्हशीला द्यायचं तर कुपीमागून कुपी फोडत बसावं लागेल. मला ही कल्पना प्रचंड आवडते, उपदेश नाही, पोस्टर नाही, नुसतं पॅकिंग. तरी पुढे काम उरतंच, ॲसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, किटोप्रोफेनही गिधाडांना घातक, त्या दोघांवर भारतात २०२३ ला बंदी आली.

मी काय करतो, तर पूर्वीसारखाच दुकानं फिरतो, पशुवैद्यांना भेटतो, बॅगेत फक्त मेलॉक्सिकॅमची माहिती. गिधाडांबद्दल बोलतच नाही पहिल्या भेटीत. जनावर लंगडतंय, आज उभं राहायला हवं, मालक समोर उभा, त्या डॉक्टरला गिधाड ऐकवून काय उपयोग. टार्गेट नाही याचा सुरुवातीला फार त्रास झाला, महिनाअखेर आली की हात शिवशिवायचे.

एसडी कार्ड:
सॉफ्टवेअर. थोडक्यात लिहिते कारण टाइप करायचा कंटाळा आहे.

मला वाटलं होतं मशीन लर्निंगचं भारी काम मिळणार. कॅमेरा ट्रॅप गरम वस्तू हलली की फोटो काढतो, उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी काढतो, म्हणजे हजारो फोटो नुसते गवताचे. ते गाळायला मेगाडिटेक्टरसारखं तयार मॉडेल फुकट मिळतं, ते प्राणी, माणूस, गाडी एवढंच ओळखतं, पण तेवढ्याने अर्धं काम हलकं होतं. मग माझं काम काय उरलं? फाइलींची नावं. हो, खरंच. कुठला कॅमेरा कुठे होता, घड्याळ बरोबर लावलं होतं का, बॅटरी बदलल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर गेली का. कॅमेऱ्याच्या डब्यात मुंग्यांनी घर केलेलं, सिलिका जेलची पुडी ओली गच्च. आणि प्राणी दिसला नाही म्हणजे तो तिथे नाही असं नसतं, हे मॅनेजरपासून पत्रकारापर्यंत सगळ्यांना परत परत सांगत बसायचं.

एक मात्र आयुष्यभराचं शिकले, डेटा खुला ठेवावा असं तावातावाने म्हणणारी मी आता दुर्मिळ प्राण्यांचे जीपीएस आकडे मुद्दाम ढोबळ करून देते. शिकारीही इंटरनेट वापरतात.

परत क्युबिकलमध्ये:
धागाकर्तीने परत गेलेल्यांनाही बोलावलंय म्हणून धीर करून लिहिते.

मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधून झाडं लावणाऱ्या एका संस्थेत गेले आणि परत आले. पैसा हे एक कारण होतंच, करार दरवर्षी नवा, ग्रँट आली तर तुम्ही, नाहीतर नमस्कार. पण खरं कारण रोपांचा आकडा. किती लावली हे विचारायचे, किती जगली हे कोणी विचारत नव्हतं. त्यात एक जागा दिली ती चक्क गवताळ माळ, खड्डे खणून झाडं लावायची. तिथे झाड नाही म्हणजे ती जमीन ओसाड नसते, ते गवताचंच जंगल असतं, त्यावर चंडोल, धाविक, खोकड, चरणारी गुरं सगळे जगतात, झाडं लावून तुम्ही ते मोडता. मी हे बैठकीत मांडलं तर ऐकायला मिळालं की स्पॉन्सरला फोटोत झाड दिसावं लागतं. तिथे माझा जीव रमणं शक्य नव्हतं.

आता परत नोकरीत आहे आणि रविवारी दोन छोट्या संस्थांना प्रपोजल लिहून देते, फुकट. त्यांना जास्त उपयोग होतो आणि मला झोप लागते. सगळ्यांनी राजीनामाच दिला पाहिजे असं नाही हो.

पाणकोंबडी:
@परत क्युबिकलमध्ये, ताई, हे लिहिलंस ते बरं झालं, गवताळ माळाचं तर वेगळं लिही खरंच.

माणसं जमवणारी:
मी एचआर, आता याच क्षेत्रात भरती करते. सीव्हीत पहिल्या ओळीत "लहानपणापासून प्राण्यांवर प्रेम" असतं, शंभरातल्या नव्वदांच्या. मी ती ओळ वाचतच नाही. करार वाचता येतो का, सरकारी पत्रव्यवहार जमतो का, वाहन नसताना आणि रेंज नसताना चिडचिड न करता दिवस काढता येतो का, हे बघते. आणि कॉर्पोरेटमधून येणाऱ्यांना एक विनंती, आल्या आल्या "इथे सिस्टीमच नाहीये" म्हणू नका. पंधरा वर्षं फील्डवर असलेला सहकारी समोर बसलेला असतो, त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा कमी असेल, पगारही, पण ठसा बघून प्राणी किती वेळापूर्वी गेला हे त्याला कळतं.

काठावर:
सगळं वाचून काढलं. मी बँकिंगमध्ये, क्रेडिट रिस्क. कर्ज आहे, मुलगी शाळेत. इथले अनुभव वाचून एक कळलं की माझ्यासारख्या कंटाळवाण्या माणसाचीही गरज असू शकते :) पण एकदम सोडायची हिंमत नाही. एका संस्थेने हिशोब आणि रिपोर्टिंगसाठी विचारलंय, करार एका वर्षाचा.

तारेवरची कसरत:
वर्षाचा करार असेल तर नोटीस पिरियड आणि ग्रँट कधी संपते या दोन तारखा लेखी घ्या. तोंडी "बघू पुढे" चालत नाही.

ताळेबंद:
@काठावर, आधी शनिवार-रविवार त्यांचं काम करून बघा, नोकरी न सोडता. आणि ताळेबंद पाहा.

काठावर:
मागवला, कालच आला. इथेच शंका विचारल्या तर चालेल का, नाव गाव काढून?

ताळेबंद:
चालेल. आकड्यांवर जाऊ नका आधी, मागच्या नोट्स वाचा. अट असलेला निधी कुठल्या ओळीत धरलाय ते सांगा.