जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर) व्हायरसने ठप्प झालं होतं ते आठवतंय? मग परदेशी सरकारांशी सायबर करार नकोत का?

उरणकर: जून २०१७. नॉटपेट्या व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला, मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या मशीनांत घुसला आणि आपल्या जेएनपीटीतलं त्याच समूहाचं जीटीआय टर्मिनल बंद पडलं. कुठला कंटेनर कुणाचा, तेच कळेना. असल्या यंत्रणा सांभाळायला दिल्लीत एनसीआयआयपीसी ही केंद्राची संस्था आहे, २०१४ पासून. पण आग युक्रेनमध्ये लागली तर ही संस्था इथे बसून काय विझवणार? सरकारा-सरकारांत करार हवेतच.

देवगडचो हापूस: उरणकरांनू, कागदान व्हायरस थांबता काय? (पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.) २०१५ साली युनोच्या २० देशांच्या तज्ज्ञगटाने लिहून ठेवलं की, दुसऱ्याच्या अत्यावश्यक यंत्रणांवर सायबर हल्ले करू नयेत. त्या गटात रशिया होता. दोन वर्षांत नॉटपेट्या आला आणि अमेरिका-ब्रिटनने २०१८ मध्ये बोट दाखवलं ते रशियाच्या लष्कराकडेच. रशियाने कानावर हात ठेवले. झालं, संपला विषय!

उरणकर: मी नियमांच्या भरवशावर नाहीच. मे २०२४ पासून युनोत देशोदेशींच्या संपर्क अधिकाऱ्यांची यादी आहे. रात्री दोनला कुठल्या देशात कुणाला उठवायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

लाइनमन, रत्नागिरी: उठवून सांगणार काय? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. राज्याचे गृहमंत्री म्हणाले सायबर घातपात असावा, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. घरातच एकमत नाही. सायबर गुन्ह्यांवरच्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारावर भारताने सही केलेली नाही ते बरंच आहे: मसुदा करताना आपल्याला विचारलं नव्हतं, आणि त्यातल्या ३२व्या कलमाने परक्या तपासयंत्रणांना आपल्या सरकारला न विचारता इथल्या डेटापर्यंत पोचायची वाट मिळते.

हर्णै बंदर: समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या केबलींचं कुणी बोलतच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात तीन केबली तुटल्या. येमेनच्या हुथी बंडखोरांनी मारलेल्या जहाजाचा नांगर फरफटत गेला, असं मानतात. तिथे दुरुस्तीचं जहाज न्यायचं तर येमेनमध्ये परवानगी कुणाची घ्यायची? एकाच देशात दोन सत्ता. हे काम कंपनीच्या आवाक्यातलं नाही, सरकारांनीच बोलायला हवं.

देवगडचो हापूस: केबलींचं मान्य. पण नॉटपेट्यात मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले, ते स्वतःच्या आणि पैसे देऊन आणलेल्या सल्लागारांच्या माणसांच्या जोरावर. त्यात करार कुठे आला?

उरणकर: मर्स्ककडे पैसा होता हो. आपल्या महावितरणच्या सबस्टेशनवर असं झालं तर दहा दिवस कोण थांबणार?

लाइनमन, रत्नागिरी: म्हणून आधी सुट्टं सामान आणि बॅकअप ठेवा म्हणतोय. संपर्काची यादी खुशाल ठेवा. फक्त ग्रिडचा नकाशा कुणाला देऊ नका.